हिंगाच्या डब्याशेजारची वाइन

गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवण्यात आमच्या दहिवलीच्या मामांचा हात धरणारा दुकानदार उभ्या कर्जत तालुक्यात झाला नसावा. "कुणाला पायजे? कशाला पायजे?" या दोन प्रश्नांखेरीज त्यांच्या किराणा दुकानातून मिठाचा खडाही हलत नसे. खोकल्यासाठी मिरी मागणाऱ्याला ते गुळण्या करायला घरी धाडत. पोशीरहून मुलीच्या लग्नासाठी गूळ न्यायला आलेल्या एकाला त्यांनी तासभर बसवून सोयरिकीची चौकशी केली आणि शेवटी म्हणाले, "पोरगा नीट बघितला नाय तू. आदी बघून ये, मग गूळ ने." अशाने गिऱ्हाईक स्टेशनाजवळच्या नव्या दुकानाकडे वळलं. दुकान बंद पडेल या धास्तीने मामींची झोप उडाली.

किराणा दुकानात वाइन विकू द्यावी का, यावर त्या वर्षी आमच्या कॉलेजात वादविवाद झाला. मी बाजूने बोललो, अडखळत, पण मनापासून. ओळखीच्या दुकानदाराकडून माणूस बेताने घेईल, असं माझं म्हणणं. सरकारने तशी मुभा देताच त्याच भरात, मामींच्या आग्रहावरून, परवान्याचा इंग्रजी अर्ज मी लिहून दिला. परवाना आला, सहा बाटल्या आल्या, आणि मामांनी त्या हिंगाच्या डब्याशेजारी मांडल्या.

पहिला आला रेल्वेतला एक गँगमन.

"बायकोला पाठव. तिच्या हातात देईन," मामा म्हणाले.

"तिला कशाला, शेट? पिनार मी."

"म्हनून तर."

वाइन न्यायला कुणाचीच बायको आली नाही. पण मामांची ही अट रेल्वेच्या चाळीत पोचली आणि तिथल्या बायका मीठमिरचीसाठी मुद्दाम नदीवरचा पूल ओलांडून मामांकडे येऊ लागल्या. दुकान तरलं. मामी सुखावल्या, तरी टोमणा सोडला नाही. "आता बाटल्यांना हळदकुंकू वाहा."

पुढच्या वर्षी मामी तापाने अंथरुणाला खिळल्या. अंगात शक्ती यावी म्हणून डॉक्टरांनी रोज दोन चमचे वाइन सांगितली. मामा बाटली काढत होते, तोच मामी भिंत धरत धरत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या जागी उभ्या राहिल्या.

"कुणाला पायजे?" मामांच्या तोंडून निघून गेलं.

"मला. बायकोलाच पाठवायचं ना? आलेय."

दुसरा प्रश्न मामांनी विचारला नाही.

बाटली अर्ध्यावर असताना मामी गेल्या. मामांनी परवाना पुढे चालवला नाही, उरलेल्या पाच बाटल्या परत केल्या. ती अर्धी मात्र हिंगाजवळ तशीच आहे. परवा एका नवख्या माणसाने ती मागितली. मामा म्हणाले, "बायकोला..." आणि तिथेच थांबून हिंगाचा डबा पुसू लागले.