लिफ्टकाकांचं दान

आमच्या बाबांचा आयुष्यात कधी कशात पहिला नंबर आला नव्हता. शाळेत मधला बाक, धावण्याच्या शर्यतीत चौथे, आणि लग्न ठरताना मुलगा कसा वाटला असं विचारल्यावर आईनं तेव्हा म्हणे एका शब्दात उत्तर दिलं होतं, "बरा." एका मोठ्या हॉस्पिटलच्या नऊ मजली इमारतीत ते सव्वीस वर्षं लिफ्ट चालवत होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं, दार लागताना "सांभाळून" म्हणायचं. मोठ्या डॉक्टरांपासून लादी पुसणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणत.

नाही म्हणायला एका बाबतीत मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, ती म्हणजे त्यांची पोटाची तब्येत. दगड खाल्ला तरी पचवतील असा माणूस. सकाळी सहा चाळीसला ते संडासाकडे वळले की आई भिंतीवरचं घड्याळ त्यावर लावून घ्यायची. पण या गुणाचं कुणी कौतुक करतं का? पाहुण्यांना सांगायची ही गोष्टच नव्हे.

एके दिवशी सातव्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी लिफ्टमध्ये एक कागद चिकटवला. बाई तरुण होत्या, आतड्यांच्या आजारांवर संशोधन करायच्या आणि एरवी हसतमुख असायच्या. त्या आठवड्यात मात्र चेहरा उतरलेला होता. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "निरोगी व्यक्तींनी स्टूल दान करून रुग्णांचे प्राण वाचवावेत. संपर्क: सातवा मजला."

बाबांनी तो तीन दिवस वाचला. चौथ्या दिवशी डॉक्टरबाई एकट्याच लिफ्टमध्ये आल्या, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"बाई, तुमची नोटीस वाचली. द्यायची इच्छा आहे हो, पण माझ्याकडे एकच आहे."

"एकच काय, काका?"

"स्टूल. आणि त्याचाही एक पाय डुगडुगतो. ते दिलं तर मी बसू कशावर?"

डॉक्टरबाई आधी त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग त्या स्टुलाकडे, आणि मग भिंतीला टेकून अशा हसायला लागल्या की सातवा मजला येऊन गेला तरी त्यांना बाहेर पडता येईना. डोळे पुसत त्यांनी कानाशी येऊन खरा अर्थ सांगितला. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ते? ते दान करायचं?"

"तेच. परत खाली न्या मला, सांगते."

मग ते व्याख्यान लिफ्टमध्येच झालं, हप्त्याहप्त्यानं. आपल्या आतड्यात अब्जावधी जंतूंचं एक गावच वसलेलं असतं, हे नवव्या मजल्यापासून पाचव्यापर्यंत. पाचव्यावर दोन नर्स शिरल्या म्हणून बाई गप्प. नर्स तिसऱ्यावर उतरल्या तशी गाडी पुन्हा सुरू: काही रोग्यांना फार दिवस जालीम अँटिबायोटिक द्यावी लागतात, त्यात हे गाव उजाड होतं. मग एक हट्टी जंतू रिकाम्या घरांत घुसून बसतो. माणसाला दिवसातून पंधरा-पंधरा वेळा जुलाब होतात, अंगाचा नुसता सापळा उरतो, औषध थांबवलं की पुन्हा तेच.

"मग अशा वेळी आम्ही निरोगी माणसाकडचं ते घेतो," डॉक्टरबाई म्हणाल्या, "धुऊन गाळून तयार करतो आणि नळीतून रोग्याच्या आतड्यात सोडतो. गाव पुन्हा वसतं, भाडं न देणारा तो भाडेकरू हाकलला जातो. दहातले आठ-नऊ रोगी बरे होतात, काका. पण देणारेच मिळत नाहीत. लोक नोटीस वाचतात आणि फिदीफिदी हसतात."

बाबा तळमजल्यावर दार उघडं धरून उभे राहिले.

"मी नाही हसत," ते म्हणाले. "फॉर्म कुठे मिळेल?"

फॉर्म होता बावीस पानांचा. कुणाला काय आजार, कुठे प्रवास, अंगावर गोंदवून घेतलंय का, झोप कशी लागते. मग रक्ताच्या तपासण्या, बाकीच्या तपासण्या, पुन्हा रक्त. हे सगळं पाच आठवडे चाललं आणि बाबांनी घरात अवाक्षर काढलं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट राहते, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

मग एका रविवारी, दुपारच्या जेवणाला, आम्ही चौघं बसलो होतो. आई, मी, बाबा आणि माझा मामा. मामाची ओळख करून द्यायला हवी. तो आमच्या घराण्यातला तब्येतीचा मक्तेदार. पहाटे दहा मैल चालायचं, पालेभाज्यांचा हिरवा रस प्यायचा, आणि दुसऱ्याच्या ताटात बघून "हे विष आहे" म्हणायचं. त्या दिवशीही त्यानं बाबांच्या पोटाच्या घेराकडे बघून च्यक् केलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"माझी निवड झालीय," ते म्हणाले.

आईच्या डोळ्यांत लगेच चमक आली. "बढती?"

"तसंच काहीसं. अठ्ठावन्न जणांनी अर्ज केले होते. दोघंच पास झाले. त्यातला एक पोहायला शिकवणारा होता, तो गाव सोडून गेला. आता मी एकटाच."

"अहो, पण कशात?"

बाबांनी सांगितलं. अगदी सरळ, मजल्यामजल्यानं, डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसं.

आई म्हणाली, "लोक रक्त देतात. डोळे देतात. कुणी तर अख्खा देह देतात. आणि तुम्ही—"

पुढचं तिला बोलवेना. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय, पण तिचे खांदे हलायला लागले आणि पदरातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. तो ऐकून मी फुटले. मग बाबा. आम्ही तिघं पोट धरून हसत होतो, कुणी सावरलं की दुसरा म्हणायचा "अठ्ठावन्नातून" आणि परत सुरू. आईला उचकी लागली. मी पाणी आणायला उठले आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसले.

हसला नाही तो फक्त मामा. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"यांचं चालतं," तो म्हणाला, "तर माझं तर सोनंच म्हणायला हवं!" आणि दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यानं अर्ज भरला. चौथ्याच पानावर तो बाद झाला. का, ते डॉक्टरबाईंनी सांगितलं नाही, नियमच तसा. पण पुढचे दोन महिने त्यानं कुणाच्या ताटात पाहिलं नाही.

आता प्रश्न होता वेळेचा. दान हॉस्पिटलातच व्हायला हवं होतं. सातव्या मजल्यावर त्यासाठी एक स्वच्छ, पांढरी खोली होती आणि ती साडेसातला उघडायची. बाबांचा मुहूर्त सहा चाळीसचा! आईनं हे काम अंगावर घेतलं. सकाळचा चहा तिनं अर्ध्या तासानं पुढे ढकलला, मग पाऊण तासानं. रात्रीचं जेवण सरकवलं. "चालू नका, बसून राहा. बोलू नका. हसू तर मुळीच नका," असं बजावत ती बाबांच्या मागे फिरायची. दहा दिवसांत तिनं सव्वीस वर्षांचं घड्याळ फिरवलं. शेजारणीनं विचारलं, "साहेबांचं पथ्य चाललंय का काही?" आई ताठ मानेनं म्हणाली, "हॉस्पिटलचं काम आहे. फार जबाबदारीचं."

पहिले काही आठवडे सुरळीत गेले. बाबा साडेसातला पांढऱ्या खोलीत जायचे, आठला लिफ्टच्या स्टुलावर हजर. तयार झालेला माल सातव्या मजल्यावरच्या मोठ्या फ्रीझरमध्ये साठवला जायचा, आणि लागेल तसा वापरला जायचा.

मग तो मंगळवार उजाडला. पावणेसातला डॉक्टरबाईंचा फोन आला.

"काका, फ्रीझर बंद पडला. सगळा साठा वितळून गेला. आणि आज साडेआठला एका पेशंटला द्यायचं ठरलंय. ती अजून थांबू शकेल असं मला वाटत नाही. तुमच्या तपासण्या परवाच झाल्यात, ताजं चालेल. पण आजच हवं. येताय ना?"

"निघालोच," बाबा म्हणाले.

मी कॉलेजला त्याच बाजूला जायची, म्हणून त्यांच्याबरोबर निघाले. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. आणि दोन थांब्यांवर जाऊन ती बस धाप टाकून उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, पुढचं झाकण उघडलं, आतून पांढरा धूर आला. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाबांचा चेहरा बदलला.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही. घड्याळ जुन्या वेळेवर गेलंय बहुतेक."

आम्ही उतरून चालायला लागलो. जोरात चालावं तर एक भीती, हळू चालावं तर दुसरी. बाबा गुडघे जवळ घेऊन, हात शरीराला चिकटवून, डोक्यावर भरली घागर असल्यासारखे झरझर चालत होते. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"काहीतरी बोल," ते दात आवळून म्हणाले. "पण विनोदी नको."

मी सतराचा पाढा म्हणायला लागले. सतरा सत्तेपर्यंत ठीक चाललं. मग शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "एकशे एकोणीस, बरोबर," आणि मला हसू आलं. मला आलं म्हणून बाबांना आलं. "नको गं, नको, नको," करत ते सिग्नल सुटताच सुटले, आणि मागून मी दोन्ही पिशव्या सांभाळत, हसत, रडत, पळत.

सात पंचवीसला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. बाबांनी लिफ्टकडे धाव घेतली. दारावर पाटी होती: "लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे."

सव्वीस वर्षं त्या इमारतीत काढलेल्या माणसानं जिन्याकडे असं पाहिलं, जणू तो रातोरात कुणी बांधून ठेवला असावा.

"सात मजले," बाबा म्हणाले.

पहिला मजला त्यांनी मान ताठ ठेवून चढला. तिसऱ्यावर कठड्याला धरून उभे राहिले, कपाळावर घाम. चौथ्यावर लादीवाल्या मावशी भेटल्या. "काका, तुम्ही जिन्यावर? बरं नाही का?" बाबांनी फक्त हात वर केला. पाचव्यावर डॉक्टरबाईच वरून धावत खाली आल्या आणि आम्हाला बघून ओरडल्या, "आले! आले!" सहावा मजला आम्ही दोघींनी त्यांना दोन बाजूंनी धरून पार केला, नवरदेवाला मांडवात न्यावं तसं. सातव्यावर पांढऱ्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा आत गेले. कडी लागली.

बाहेर डॉक्टरबाई आणि मी एकमेकींचे हात घट्ट धरून उभ्या.

दोन मिनिटांनी आतून आवाज आला. "झालं!"

डॉक्टरबाईंनी मला मिठी मारली. ओळख म्हणावी तर फक्त दोन मजल्यांची, पण आम्ही दोघी तिथे उड्या मारत होतो. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा नुकतंच बोर्डाचं सुवर्णपदक मिळाल्यासारखा दिसत होता.

देणाऱ्याला घेणारा कळू द्यायचा नाही आणि घेणाऱ्याला देणारा, असा कडक नियम होता. त्यामुळे ते कुणाला दिलं, काय झालं, हे बाबांनी विचारलं नाही. डॉक्टरबाईंनी दोन दिवसांनी लिफ्टमध्ये नुसता अंगठा वर केला, तेवढंच.

साधारण महिन्यानं एक पन्नाशीच्या बाई पहिल्या मजल्यावरून लिफ्टमध्ये चढल्या. बरोबर त्यांची बहीण होती. बाबांना त्या आठवत होत्या, कारण याआधी प्रत्येक वेळी त्या चाकांच्या खुर्चीवरून आल्या होत्या, मान एका बाजूला टाकून, चादरीखाली असून नसल्यासारख्या. आज उभ्या होत्या, आणि तोंडाचा पट्टा एकसारखा चालू होता.

"चार महिन्यांत पहिल्यांदा मी काल नाटकाला गेले हो, लिफ्टकाका. तीन तास! एकदाही उठले नाही! शेजारचा माणूस मध्येच बाहेर जाऊन आला, पण मी नाही."

"वा," बाबा म्हणाले. "सातवा ना?"

"सातवाच. तो मंगळवार माझा पुनर्जन्म. ज्यानं कुणी ते दिलं ना, तो भेटला तर पाय धरीन त्याचे. कोण असेल हो? कुणीतरी तरणाबांड पहिलवान असणार, नाही?"

बहीण म्हणाली, "अगं, हळू बोल."

"का हळू बोलू? जिवंत आहे मी!"

बाबांची नजर आकड्यांवर. पाच. सहा. त्यांनी ओठ इतके आवळले की हनुवटी थरथरत होती.

"असेल कुणीतरी," ते कसेबसे म्हणाले. "बराच असेल. सातवा मजला. सांभाळून."

त्या दोघी उतरल्या. दार लागलं. खाली तळमजल्यावर लोक ताटकळत होते, पण बाबांनी नऊचं बटण दाबलं, मग शून्याचं, मग परत नऊचं. रिकामी लिफ्ट तीनदा वर गेली आणि तीनदा खाली आली, आणि आतून गाण्याचा आवाज येत होता, असं लादीवाल्या मावशींनी पुढे सगळ्या हॉस्पिटलला सांगितलं. सूर वाईट होता, हेही सांगितलं.

त्यानंतर बाबांनी आणखी दीड वर्ष दान केलं, वयाची अट आडवी येईपर्यंत. डॉक्टरबाईंच्या हिशेबानं त्यातून एकतीस माणसं बरी झाली. शेवटच्या दिवशी आई स्वतः बरोबर गेली, ठेवणीतली साडी नेसून, आणि पांढऱ्या खोलीच्या दाराबाहेर हातात फुलं घेऊन उभी राहिली.