मुका करून 'दुरुस्त'

वाशीमच्या एका वाचनालयात अंधांसाठी बोलका संगणक आहे. स्क्रीनवरचा मजकूर वाचायला आवाज सुरू झाला, की संगणक जागीच बंद पडायचा. तक्रारीवर वाचनालयाच्या साहेबांनी आवाज काढणारं साउंड कार्डच बंद केलं आणि 'दुरुस्त' असा शेरा मारला. लाज नावाची गोष्ट यांच्या टेबलावर कधी येतच नाही का?

मी जाब विचारायला गेलो, तेव्हा पांढरी काठी मांडीवर ठेवून एक माणूस तिथे बसला होता. कार्ड त्यानं पुन्हा चालू केलं आणि संगणक पुन्हा कोसळला.

"भाऊ, स्क्रीनवर काय आलं ते वाचा. एकएक अक्षर. अंदाजपंचे नोका सांगू."

मी वाचत गेलो. तो बोटांनी टेबलावर ओळी मोजत होता. मधेच हसला. "कार्ड चालवनारा ड्रायव्हर प्रोग्राम कार्डले आंधी झोपवते आन् मंग त्यालेच काम सांगते. कर्नल, म्हंजे संगनकाचा गाभाच, मरन नाही तं काय?"

मी वाचलं, त्यानं टाइप केलं. ड्रायव्हरमधल्या दोन ओळींची अदलाबदल झाली. अर्ध्या तासानं संगणक बोलू लागला.

"आवाज बंद करा, लोक वाचून राह्यले!" कारकून ओरडला.

"मी बी वाचूनच राह्यलो, साहेब," तो म्हणाला, आणि त्यानं आवाज आणखी वाढवला.