छाट डोळ्यांसमोर मोडायची

आमचे हे, टिकाराम, एकोडीत बिडी कामगारायचे पुढारी. तीस वर्षं झाली, बिड्यायचं सूप माझ्या मांडीवर अन् भाषण यायच्या तोंडात. यायच्या मायनं जन्मभर बिड्या वळल्या, तरी रोज छाट निघायचीच. छाट म्हणजे चेकरनं खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या. त्यायची मजुरी नाही, अन् त्याच बिड्या मागच्या दारानं बाजारात जायच्या. हे तेवीस वर्षांचे असताना बायायले घेऊन सतरा दिवस कारखान्यापुढं बसले अन् नियम करून घेतला, छाट बाईच्या डोळ्यांसमोर मोडायची. पुढं पंचायत समितीतही निवडून गेले. घराचं एक कौल काही बदललं नाही.

यंदा सोमाजी नावाचा नवा ठेकेदार आला. तो छाट न मोडता पोत्यात भरू लागला. यायनं सांगितलं, "बायांनो, बिड्या वळा, पण माल देऊ नका. भरल्या टोपल्या घेऊन सोमाजीच्या दारापुढं बसा." सोमाजीनं निरोप धाडला, "काम दुसऱ्या गावाले देईन." दोनशे चुली यायच्या एका शब्दावर, अन् हे मजेत जेवून राहिले. मी माझं ताट झाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी शेजारची शकुनबाई म्हणाली, "कुंताबाई, काम गेलं तं का करायचं व?"

हे सभेले गेले होते. मी पदराखाली भरली टोपली घेतली अन् सोमाजीच्या मागच्या दारी त्याच्या माणसाजवळ देऊन आली. वाटलं, थोडा तरी माल येत राहिला तं तो गाव सोडणार नाही. का अक्कल चालली माझी, कोणास ठाऊक.

चौथ्या दिवशी सकाळी बाया बसल्या होत्या, मीही त्यायच्यात, अन् हे दारात मधोमध पाय पसरून. सोमाजी आतून माझी टोपली घेऊन आला.

"टिकारामभाऊ, हे तुमच्याच घरचं न?"

यायनं टोपली पाहिली, मग मले पाहिलं. "तू देल्ली?"

"हो. भेव वाटला मले."

खोटं बोलायचं होतं मले, पण यायच्या तोंडाकडं पाहून जमलं नाही.

कोणी शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. पुढं बसलेली म्हातारी रुखमा उठली, लुगडं झटकलं, टोपली काखेत घेतली. मग शकुनबाई उठली. मग सगळ्याच.

यायनं कोणाले अडवलं नाही. पसरलेले पाय पोटाशी घेतले अन् बायायले आत जायले वाट करून देल्ली.