कबरीवरचं गवत

हालिपाच्या मुलाची, रोसलानची, कबर किनाबातांगान नदीच्या काठावर होती आणि नदी दर पावसात काठ खात होती. एके काळी तिथे दाट झाडी होती. हालिपानं आणि तिच्या नवऱ्यानंच ती तोडून अगदी पाण्यापर्यंत तेलताड लावले होते. त्या ताडांची मुळं कसली माती धरतात! पाप आपलंच, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

इमाम म्हणाले, "हालिपा, कबर वर टेकडीवर हलवू या."

"एकदा पुरलंय मी त्याला. पुन्हा नाही पुरायची."

मग ती गावातल्या, नदीकाठी झाडं लावणाऱ्या बायकांत गेली. पहिली रोपं हत्तींनी तुडवली, दुसरी पुरात कुजली. तिसऱ्या खेपेला बांगकल लावले, कितीतरी दिवस पाण्यात उभे राहूनही जगणारे. ते गुडघ्याएवढे झाले त्या दिवशी ती पोटभर जेवली.

बायकांची म्होरकी मिस्लिना बजावून गेली, "मावशी, रोपावर चढलेला वेल तेवढा काप. गवत उपटू नकोस हं. सध्या तेच माती धरतंय."

"मला शिकवतेस होय गं? तुझं नाक पुसत होते मी!"

पण ईद आली. ईदेआधी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतं. आपलंच लेकरू रानात पडलेलं कुठल्या आईला बघवेल? हालिपानं काठापर्यंतची काडी न् काडी मुळासकट उपटली, जागा झाडून लख्ख केली. "अगदी अंगण केलंस की!" बायका म्हणाल्या. ती सुखावली.

आठ दिवसांनी पूर आला. उघडी माती ढासळली आणि रोपांच्या रांगा उभ्याच्या उभ्या नदीत गेल्या. पाणी ओसरल्यावर तिनं मोजलं. कबरीपासून कडा चार हातांवर आला होता.

"मीच घालवलं गं," मिस्लिनाच्या गळ्यात पडून ती ओरडली, "माझ्याच हातानं!"

मिस्लिनानं तिला रडू दिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका नवी रोपं घेऊन आल्या.

पुढच्या ईदेला सांदाकान शहरातून लेक आली, सुरिना. गावातल्या साऱ्या कबरी स्वच्छ होत्या. रोसलानच्या कबरीवर कमरेएवढं गवत.

"आई, काय हे! दादा असा रानात? लोक काय म्हणतील?" तिनं गवताचा एक झुबका धरला.

हालिपानं तिचं मनगट पकडलं. "हात लावशील तर याद राख!"

मग ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी गवत बाजूला सारत गेली, तेव्हा कुठे उशाचा लाकडी खांब दिसला. तिनं त्यावर सुगंधी पाणी शिंपडलं, दुआ मागितली आणि गवत पुन्हा होतं तसं सोडून दिलं. उठून कड्यापर्यंत मोजत गेली.

"किती?" सुरिनानं विचारलं.

"अडीच हात."

"आणि झाडं कधी धरणार माती?"

"मिस्लिना म्हणते, अजून दोन वर्षं."

सुरिनानं आईच्या कमरेला खोचलेला विळा घेतला आणि एका रोपावर चढलेला वेल तेवढा कापला.