पांढऱ्या टेबलक्लॉथवरची चित्राहुती

त्या वेटरचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मुलीचे होणारे सासू-सासरे पुण्याचे, म्हणून मी त्यांना श्रीरामपुरातल्या नव्या इटालियन हॉटेलात नेलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, काटा-चमचा धरायलाही शिकवलं होतं.

पास्ता आला. अण्णांनी सवयीनं तळहातावर पाणी घेतलं, ताटलीभोवती फिरवलं आणि पास्त्याचे पाच तुकडे पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर मांडून डोळे मिटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पन्नाशीचा वेटर फडकं घेऊन आला. आता पुसणार, असं वाटलं. पण अण्णांनी डोळे उघडेपर्यंत तो मान खाली घालून उभा राहिला.

"मी इटलीत जुन्या राजवाड्यातल्या हॉटेलात वाढायचो," तो म्हणाला. "तिथली म्हातारी मान्सं आधी छातीवर हातानं क्रूस काढायची, मगच काट्याला हात. आमच्या घरीबी तसंच हाय. चालू द्या, बाबा."

त्यानं ब्रेडची टोपली ठेवली, तीही त्या पाच तुकड्यांना धक्का न लावता.

व्याह्यांनी हातातला काटा खाली ठेवला. "मी मंत्र विसरलोय, अण्णा. तुम्ही सांगाल?"

माझा जीव भांड्यात पडला. व्याह्यांनी तळहात पुढे केला, तेव्हा वेटर जग घेऊन पाणी घालायला वाकलाच होता.