नत्थूजींच्या नावाआधीचा शब्द

समुद्रपूरच्या बसस्टँडामागे नागसेन मूनचा एका खोलीचा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, वाढदिवसाचे बॅनर आणि लग्नाच्या व्हिडिओ पत्रिका ही त्याची कामं. जीव मात्र पत्रिकांवर. हल्ली लोक पत्रिका मोबाइलवरच पाठवतात. गाणं वाजतं, फुलं उधळतात, नावं येतात. फुकटच्या ॲपवर असली पत्रिका कोणीही पाच मिनिटांत करतं, पण तिथे नावं टपकतात आणि आपल्या पत्रिकेत ती उगवतात, असं नागसेन स्वतःच सांगतो. नम्रपणाचा त्याला फारसा त्रास नाही.

"नाव एकदम आलं का मानूस वाचत नाई, नुसता पाह्यते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. सॉफ्टवेअरात एकेक अक्षर टाइप होत येणारा तयार इफेक्ट असतो, पण तो आपल्या लिपीला मानवत नाही. अक्षर आधी येतं आणि मात्रा मागून धावत येते. म्हणून नागसेन नावावर मास्क टाकतो. मास्क म्हणजे न दिसणारी चौकट. ती डावीकडून उजवीकडे सरकते आणि जिथवर पोचली तिथवरच नाव दिसतं. चौकटीची कडा तो अशी मऊ ठेवतो की अक्षर नेमकं कधी उमटलं ते कळत नाही. एकेका नावापाशी अर्धा-अर्धा तास बसतो. "माह्याकडे कधी इतका वेळ पाह्यलं का?" असं त्याची बायको काजल विचारते. नागसेन तेव्हा माऊस पुसायला घेतो.

या नादात एक खोट होती. काम तपासताना त्याला ती सरकणारी कडाच दिसायची. काय लिहिलंय, ते दिसायचं नाही. हलवायाला जिलेबीचा वास येत नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

एप्रिलात वडनेरचे मोतीलाल थूल आले. त्यांच्या मुलीचं, मयुरीचं लग्न होतं. निमंत्रकांच्या नावांचा कागद त्यांनी बसमध्येच लिहिला होता. पहिलं नाव आजीचं, कालकथित सखूबाई. बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लावतात. त्याखाली नत्थूजी, सखूबाईंचा थोरला मुलगा. मग लहानूजी, धाकटा. हे मोतीलालचे वडील.

मोतीलालनी नत्थूजींच्या नावावर बोट ठेवलं. "मोठेबाबांचं नाव आरामात येऊ दे. नऊ वर्सं झाली, ते आमच्या घरी आले नाईत."

कारण ऐकायला साधं होतं. नऊ वर्षांपूर्वी मोतीलालच्या बहिणीच्या, मेघाच्या लग्नपत्रिकेत नत्थूजींचं नाव आलंच नाही. छापणाऱ्याकडून राहिलं की लहानूजींनी दिलंच नाही, ते कोणी कोणाला विचारलं नाही. नत्थूजी लग्नाला गेले नाहीत आणि दोघा भावांचं बोलणं तुटलं. या पत्रिकेत नाव पाहून म्हातारा लग्नाला यावा, एवढ्यासाठी मोतीलाल वडिलांना न सांगता हे करत होते.

नागसेनने मन लावून काम केलं. आधी सखूबाईंच्या नावाची पट्टी केली. त्यात 'कालकथित' वेगळ्या थरावर होतं. ते आधी उमटे, मग नाव. पुढच्या नावांसाठी त्याने तीच पट्टी उचलून ठेवली, नुसतं नाव बदललं. जित्या माणसाच्या पट्टीत 'कालकथित'च्या थरापुढे स्क्रीनवर असतो तो डोळा, म्हणजे दाखवा-लपवाचं चिन्ह, बंद करायचा, म्हणजे तो शब्द दिसत नाही, एवढंच. नत्थूजींच्या पट्टीवर त्याने सगळ्यांत जास्त वेळ घालवला. पूर्ण चार सेकंद दिले. कडा अशी साधली की स्वतःवरच खूश झाला. डोळा बंद करायचा राहून गेला.

पत्रिका शनिवारी गेली आणि मोतीलालनी घाईत, न पाहताच ती पुढे पाठवली. रविवारी सकाळी वर्ध्याहून मोतीलालचा फोन आला. ते मयुरीचा बस्ता घ्यायला गेले होते.

"काय करून ठेवलं बे हे? मोठेबाबा जित्ते हायेत ना! दोनशे लोकायले गेलं हे. आता येते का तो मानूस लग्नाले?"

नागसेनने पत्रिका लावली. कालकथित हा शब्द अगदी आरामात, एकेका अक्षराने उमटला आणि त्यामागून नत्थूजी थूल आले. इतकं सुंदर काम त्याने त्या साली केलं नव्हतं. 

मोतीलालचा कागद खणात होता. बसमध्ये खरडलेला, त्याची नक्कल कोणाकडे नव्हती. तो फाडून टाकून 'तुम्हीच तसं लिहून दिलं होतं' म्हटलं असतं तर खरं-खोटं करणारं कोणी नव्हतं. हा विचार नागसेनच्या डोक्यात आला आणि बराच वेळ बसला. मग त्याला स्वतःची लाज वाटली. कागद खिशात घालून त्याने गाडी काढली.

नत्थूजींचं खेडं तिथून सात-आठ किलोमीटर. म्हातारा अंगणात बाजेवर बसून हरभरा निवडत होता. समोर स्टुलावर पांढरा सदरा घातलेला दुसरा म्हातारा होता. त्याच्या मांडीवर मेणबत्त्यांचा पुडा होता आणि डोळे सुजले होते.

"जयभीम आबाजी. मी नागसेन, पत्रिका बनवनारा."

"ये. तूच का मले मारनारा?" नत्थूजी म्हणाले. "हा लहानू, माहा लहान भाऊ. शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाह्यलं अन् पहिल्या बसनं आला, मेनबत्त्या घेऊन, मले पोचवाले. मी हरभरा निवडून राह्यलो पाहून बिचाऱ्याची पंचाईत झाली."

 लहानूजींना येऊन तास झाला होता आणि भावाभावांत चहापलीकडे काही झालं नव्हतं, हे दोन रिकाम्या कपांवरून दिसत होतं.

"आता सांग," नत्थूजींचा आवाज बदलला, "हे कोनं लिहून देलं?"

लहानूजींनी मान वर केली. नागसेनने खिशातला कागद काढून बाजेवर ठेवला.

"कोनीच नाई, आबाजी. कागदावर तुमचं नाव साफ हाय. माह्याच हातून झालं. एका नावाची पट्टी दुसऱ्याले लावली अन् तो शब्द झाकाचा राह्यला. चार वेळा पाह्यलं, तरी दिसला नाई."

नत्थूजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओळीवरून बोट फिरवलं. 

"म्हंजे नाव देऊनबी असं होते?"

"होते, आबाजी."

"मेघाच्या लग्नात मीनं तुह्यं नाव देलतं, दादा," लहानूजी म्हणाले. "पहिल्या ओळीत. छापखान्यात राह्यलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू इचारलं काऊन नाई?"

 नऊ वर्षं दोघंही समोरच्याच्या तोंडाकडे पाहत बसले होते. नागसेनला वाटलं, आपण तिथून उठावं. पण नत्थूजींनी त्याचा हात धरला.

"दाखव, कसा मेलो ते."

नागसेनने मोबाइल समोर धरला. नत्थूजींनी आपलं नाव उमटताना पाहिलं. मग पुन्हा लावायला सांगितलं.

"नाव बेस आलं. आधीचा शब्द काढ. अन् हे आधी माह्यं, मंग याचं असं नोको. दोघायचं संगंच येऊ दे. एक पुढं नाई, एक मांगं नाई."

नागसेन दुपारीच स्टुडिओत परतला. दोन्ही नावं एकाखाली एक ठेवली आणि दोन्हींवर मिळून एकच मास्क टाकला. चौकट सरकली तशी दोन्ही नावं एकाच वेळी, एकेका अक्षराने उघडत गेली. मग त्याने काजलला हाक मारली आणि पत्रिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली, शब्दन् शब्द. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं.

वडनेरच्या मांडवात शूटिंगलाही तोच होता. वंदनेच्या वेळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावायला नत्थूजींना बोलावलं, तेव्हा लहानूजींनी खिशातून पुडा काढून त्यांच्या हातात दिला. पुडा तोच होता. एक कोपरा चेपलेला, अजून न फोडलेला. नत्थूजींनी तो ओळखला.

"माह्यासाठी आनलत्या ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," लहानूजी म्हणाले.

नत्थूजींनी पुडा फोडला आणि पहिली मेणबत्ती लावली.