मंगलाबाईंचं न फोडलेलं पत्र

टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढल्यामुळे न फोडलेलं पत्र दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडे भाकऱ्या करायला येणाऱ्या मंगलाबाईंनी चार फोडलेली आणि एक बंद अशी पाच अंतर्देशीय पत्रं माझ्यासमोर ठेवली, तेव्हा आधी त्या बंद पत्रावरूनच मी त्यांना बोललो. चाळीस वर्षं पत्र असं ठेवतं का कुणी? त्या भाकरी थापत राहिल्या.

पत्रं सोमाची, गेल्या श्रावणात वारलेल्या त्यांच्या माणसाची. 'नवरा' हा शब्द त्या उच्चारत नाहीत, कारण दोघांचं लग्न कधी लागलंच नाही. पेठकडच्या डोंगरात त्यांच्या लोकांत याचं नवल नसतं. मन जुळलं की मुलगी नांदायला येते, लग्न सवडीनं लागतं, कधी कधी तर पोरांच्याच मांडवात. आता नातवाचं, ललितचं, लग्न ठरलंय. त्याला हळद लावण्याआधी मंगलाबाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. सोमाला त्यांच्याशी लग्न करायचं होतं की नव्हतं? घरच्या पोरांना पत्रं दाखवायची लाज वाटत होती. मी परका, म्हणून चाललो.

सोमा चौथी शिकलेला, हंगामात निफाडला द्राक्षबागेत मजुरीला जायचा. 'मंगला, आज दिवसभर छाटणी केली. तुझ्या हातची नागलीची भाकर इथं मिळत नाही.' पुढच्या पत्रात, 'मुकादमाला वाटलं मला ताप आला. मी तुझाच विचार करत बसलो होतो.' चारही पत्रांच्या शेवटी एकच आश्वासन : फाल्गुनात भावाच्या मांडवात आपलंही उरकू. मंगलाबाईंना वाचता येत नाही, म्हणून तेव्हा गावचे गुरुजी ही पत्रं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि मंगलाबाई पदरात तोंड लपवून ऐकायच्या. आज चौसष्टाव्या वर्षीही त्यांनी पदर ओढलाच.

फाल्गुनात मांडव उभा राहिला, हळद दळून झाली. निफाडला द्राक्षांची तोड चालू होती, मुकादमानं सोडलं नाही, आणि सोमा आलाच नाही. एकट्या भावाचं लग्न लागलं. वऱ्हाडातल्या बायका मंगलाबाईंकडे बघून हसल्या. चार दिवसांनी हे पाचवं पत्र आलं, तेव्हा रागाच्या भरात त्यांनी ते गुरुजींकडे नेलं नाही, भाताच्या कणगीत खुपसून ठेवलं.

"परत तीच थाप आसंल म्हनलं," त्या मला म्हणाल्या.

होळीला सोमा घरी आला, तो गप्प गप्प. आता विषय त्यानंच काढायचा, असं मंगलाबाईंनी मनाशी ठरवलं. त्यानं काढला नाही. तीन लेकरं झाली, म्हातारपण आलं. दोघं एका ताटात जेवली, पण लग्नाचं अक्षर कुणी काढलं नाही. या बाईच्या हट्टाला काय म्हणावं ते मला कळेना.

मी पत्र फोडलं. मजकूर थोडाच होता.

'मंगला, माझी चूक झाली. आता मांडवाची वाट बघायची नाही. येत्या गुरुवारी, पंधरा तारखेला, सकाळच्या गाडीनं ये, नाशिकला पेठ नाक्यावर उतर. मी दोन हार घेऊन उभा राहीन. मारुतीसमोर माळ घालू. शेवटच्या गाडीपर्यंत थांबेन. नाही आलीस तर तुझ्या मनात लग्न नाही असं समजेन. मग परत कधी विचारणार नाही. पण घर सोडून जाऊ नको.'

मी घाईनं पत्र उलटवून शिक्का पाहिला. टपालानं उशीर केलेला असू दे, असं आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं. पेठचा शिक्का बारा तारखेचा, म्हणजे सोमवारचा होता. पत्र वेळेवर पोचलं होतं आणि तसं मला त्यांना सांगावं लागलं.

मंगलाबाईंनी ते आणखी दोनदा वाचायला लावलं. तव्यावरची भाकरी करपली तरी त्या उठल्या नाहीत.

"म्हंजी त्याला जलमभर वाटलं, मलाच नको व्हतं."

मी उठून तवा उतरवला.

"गुरवारी मी घरीच व्हते भाऊ," त्या म्हणाल्या. "काय बी काम नव्हतं."